संडासाला कुलूप आणि मला ‘ताप’



आज खड्डे, पाणी, टॅक्स यातलं काही नाही. आज पोटाबद्दल लिहितेय. जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या, मग या.

गेल्या महिन्यात पुण्याला भाच्याचा साखरपुडा होता. सकाळी साडेसहाला मी एक्सप्रेस वेच्या तोंडाशी, पुण्याच्या गाड्या थांबतात तिथे, बॅग घेऊन उभी होते. घरून निघण्याआधी दोनदा जाऊन आले होते. तरी गाडी समोर दिसली आणि पोटात कळ आली. ही कळ आली की माझ्याकडे फार तर पाच-सात मिनिटं असतात. वाटेतल्या एका सार्वजनिक शौचालयाकडे धावले. पुरुषांची बाजू उघडी, बायकांच्या बाजूला कुलूप. पैसे घ्यायला बसलेला माणूस म्हणाला, "ताई, चावी बाईकडे असते, ती आठनंतर येते." शेजारच्या हॉटेलात विचारलं. तिथला मुलगा मान वर न करता म्हणाला, "स्टाफसाठी आहे." शेवटी रिक्षा केली आणि घर गाठलं. कसं गाठलं ते माझं मला माहीत.

मग दादाला फोन केला. "अरे, ताप भरलाय. नाही जमणार यायला."

ताप वगैरे काही नव्हता. मला आयबीएस आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. मराठीत याला धड नाव नाही. कोणी ग्रहणी म्हणतं, कोणी चिडकं आतडं म्हणतं. आमच्या घरात याला नुसतं ‘हिचं पोट’ म्हणतात. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी किती लग्नं, बारशी, सहली ताप, मायग्रेन आणि अचानक आलेल्या पाहुण्यांच्या नावावर बुडवल्या त्याचा हिशोब नाही. आज खरं लिहितेय, कारण हा प्रश्न फक्त माझ्या पोटाचा नाही, आपल्या गावाचाही आहे असं माझं ठाम मत झालंय. ते पटवायला आधी आजार काय आहे ते सांगते.

आयबीएसमध्ये आतड्यात जखम नसते, गाठ नसते. दुर्बिणीतून पाहिलं तर आतडं ठणठणीत दिसतं. बिघडलेली असते ती त्याची हालचाल, त्याची संवेदना आणि मेंदूशी चालणारी त्याची देवाणघेवाण. डॉक्टर ज्याच्या आधाराने निदान करतात ते ‘रोम निकष’ असे आहेत (२०१६ चे): गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाला जाण्याशी, किती वेळा जावं लागतं याच्याशी, किंवा शौच घट्ट होतं की पातळ याच्याशी असतो. या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात, आणि त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले हवेत. कोणाला बद्धकोष्ठ होतं, कोणाला जुलाब, कोणाला आलटून पालटून दोन्ही. माझं जुलाबवालं.

माझं सुरू झालं ते २०१६ च्या पावसाळ्यातल्या गॅस्ट्रोनंतर. उलट्या-जुलाब आठवड्यात थांबले, पण पोट पहिल्यासारखं झालंच नाही. असं होऊ शकतं. पोटाचा मोठा संसर्ग होऊन गेला की साधारण दहातल्या एकाला मागून आयबीएस लागतो असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे नळाला येणारं पाणी स्वच्छ आहे की नाही हा प्रश्न चार दिवसांच्या गॅस्ट्रोपुरता नसतो. काहींच्या बाबतीत तो पुढच्या दहा वर्षांचा असतो.

किती जणांना असतं हे? २०२१ मध्ये ३३ देशांतल्या ७३ हजारांहून जास्त लोकांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. जिथे लोकांनी इंटरनेटवर स्वतःच प्रश्नावली भरली, तिथे शंभरात चार जणांना आयबीएस निघाला. जिथे घरोघरी जाऊन समोरासमोर विचारलं, तिथे शंभरात दीड. भारत या दुसऱ्या गटात होता. फरकाची कारणं अनेक असतील, अभ्यासक ती शोधतील. पण मी बाई आहे, चाळीत वाढलेय, मला एक कारण लगेच सुचतं. अनोळखी माणूस दारात वही घेऊन उभा आहे, मागे सासूबाई बसल्यात, आणि तो विचारतोय ‘शौच पातळ होते का?’ कोण खरं सांगणार?

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण ही पोस्ट वाचून कोणी घरच्या घरी ‘मलाही आयबीएसच’ ठरवून बसू नये. शौचातून रक्त पडणं, विनाकारण वजन उतरणं, रक्त कमी असणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर असणं, किंवा हा त्रास पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरकडे जा. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो. थायरॉईड असतं, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक असतो. ते नाही हे बघून मगच आयबीएस म्हणायचं. आणि एकदा नीट बघून झालं की दर सहा महिन्यांनी नवा डॉक्टर आणि नवी सोनोग्राफी हा खेळ थांबवायचा. मी त्यात तीन वर्षं आणि बरेच पैसे घालवले. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणायचे, "बघ, काही नाहीये." रिपोर्ट नॉर्मल होता, मी नव्हते.

मला कशाने फरक पडला ते सांगते. हे माझ्या पोटाचं आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

पहिली गोष्ट वही. काय खाल्लं, कधी खाल्लं, कधी दुखलं, त्या दिवशी काय चाललं होतं. दोन महिने लिहिलं तेव्हा कळलं की ज्या तिखटाला मी दोष देत होते ते एकटं गुन्हेगार नव्हतं. माझे खरे वैरी कांदा, लसूण आणि उपाशीपोटी चहा. चहानंतर लगेच पळावं लागणं हे नैसर्गिक आहे. पोटात काही पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो, तो सगळ्यांनाच जातो. आमच्यात तो इशारा सायरनसारखा वाजतो, एवढंच. आता आधी थोडं खाते, मग चहा घेते.

दुसरी गोष्ट आहार. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने ‘लो फॉडमॅप’ नावाची पद्धत तयार केली आहे. काही साखरेच्या जातीचे पदार्थ लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, गॅस करतात, पाणी ओढतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, आंबा, सफरचंद, कलिंगड हे त्यातले. ही यादी वाचून घाबरू नका, हे जन्मभर सोडायचं नसतं. दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक परत सुरू करून बघायचं, आणि ज्याने त्रास होतो तेवढंच कमी ठेवायचं. शक्यतो आहारतज्ज्ञाला विचारून करा, नाहीतर माणूस भीतीने भातावर येतो आणि वाळतो. एक स्वयंपाकघरातली युक्ती सांगते. लसणातला त्रास देणारा घटक पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. त्यामुळे तेलात लसूण परतून काढून टाकायचा, वास राहतो आणि त्रास टळतो. बाकी आपला हिंग आहेच. आमच्या आमटीत आता कांदा नसतो, आणि घरातल्या कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

तिसरी गोष्ट, इसबगोल. बद्धकोष्ठासाठीच असतो असं वाटतं ना? तो पाणी धरून ठेवतो, म्हणून जुलाबवाल्यालाही उपयोगी पडू शकतो. थोड्याने सुरुवात करायची आणि भरपूर पाणी प्यायचं. गोळ्याही आहेत, कळ थांबवणाऱ्या, जुलाब थांबवणाऱ्या. काहींना डॉक्टर नैराश्यावरचं एखादं औषध अगदी कमी मात्रेत देतात. ते वेड लागलंय म्हणून देत नाहीत. ते आतड्याच्या नसा शांत करण्यासाठी असतं. हे मला कोणीतरी आधी समजावलं असतं तर मी ती चिठ्ठी वर्षभर पर्समध्ये ठेवून फिरले नसते.

आणि चौथी गोष्ट. यासाठीच ही पोस्ट लिहितेय.

आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. परीक्षेच्या आधी पोट बिघडतं ते सगळ्यांनी अनुभवलंय. आमच्यात हा संवाद जास्त जोरात चालतो. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. टेन्शनने त्रास वाढतो. पण मला टेन्शन कसलं असतं? नोकरीचं नाही, घराचं नाही. मला टेन्शन असतं ते ‘लागली तर जायचं कुठे’ याचं. त्या विचारानेच पोटात कालवाकालव सुरू होते, आणि जागा खरंच नसली की भीती खरी ठरते. मग पुढच्या वेळी ती दुप्पट होऊन येते.

याचा पुरावा मी स्वतः आहे. संध्याकाळची प्रगती एक्सप्रेस पनवेलला थांबते. तिने मी पुण्याला अनेकदा गेलेय. डब्यात संडास आहे. इतक्या वेळांत मला तिथे किती वेळा जावं लागलं असेल? दोनदा. आणि बसने जायचं म्हटलं की स्टॉपवरच सुरू होतं. पोट तेच, डबा तोच, पोहे तेच. जवळ संडास आहे हे माहीत असलं की तो लागतच नाही. डॉक्टरांनी मला बरंच काही लिहून दिलं, पण स्टॉपजवळचा उघडा, स्वच्छ संडास कुठलाही डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. तो गावानेच द्यावा लागतो.

आता आपलं गाव बघा. कळंबोली म्हणजे येता-जाता माणसांचं गाव. एक्सप्रेस वे इथून सुरू होतो, सायन-पनवेल हायवे इथून जातो, पोलाद बाजारात दिवसरात्र ट्रक येतात. आपल्यातले हजारो लोक रोज मानसरोवर नाहीतर खांदेश्वरवरून लोकल पकडतात. सीएसएमटीपर्यंत सव्वा तास, आणि लोकलच्या डब्यात संडास नसतो. माझ्या डोक्यात हार्बर लाइनचा एक वेगळाच नकाशा आहे. कुठल्या स्टेशनला उतरलं तर प्लॅटफॉर्मवरून किती पावलं, कुठे सुट्टे पैसे लागतात, कुठे कडी लागत नाही. असा नकाशा घेऊन फिरणारी मी एकटी नाही. आमच्या डब्यातल्या दोघींनी मला हळूच सांगितलंय की त्या सकाळी काही खात नाहीत, पाणी पीत नाहीत. एक जण रोज ऑफिसला निघताना जुलाब थांबवायची गोळी घेते. का, तर रस्त्यात अडचण नको. उपाशी राहून, पाणी तोडून, डॉक्टरला न विचारता रोज गोळी खाऊन आपण दुसरे आजार ओढवून घेतोय.

आणि हे फक्त आयबीएसवाल्यांचं आहे का? मधुमेह असलेले काका, प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा, पोटुशी बाई, पाळी आलेली मुलगी, सर्कलला आठ तास उभी असलेली ट्रॅफिकची महिला पोलीस, रात्रभर ट्रक चालवून आलेला ड्रायव्हर, पार्सल पोचवणारी पोरं. पुरुष ट्रकच्या आडोशाला जातात, ते आपण रोज बघतो, नाकाला रुमाल लावतो आणि पुढे जातो. बायकांना तोही मार्ग नाही.

ही मागणी काही नवी नाही. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी केली, तेव्हा लोक नावावरूनच हसले होते. विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या आपल्या मराठी मासिकाने, ‘मिळून साऱ्याजणी’ने, बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना त्याबद्दल निर्देश दिले. दक्षिण दिल्ली महापालिकेने एप्रिल २०१७ पासून हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांना आपली शौचालयं कोणालाही वापरू द्यायला सांगितलं, हवं तर पाच रुपयांपर्यंत घ्या म्हणून. अमेरिकेत इलिनॉय राज्यात अ‍ॅली बेन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला एका दुकानात संडास वापरू दिला नाही. तिला आतड्याचा आजार होता. तिच्यामुळे २००५ मध्ये तिथे कायदा झाला की अशा ग्राहकाला दुकानाने कर्मचाऱ्यांचा संडास वापरू द्यायचा. त्या कायद्यात आयबीएसचं नाव आहे. इंग्लंडमध्ये आयबीएसची रुग्णसंस्था एक कार्ड देते. ते दाखवलं की जास्त बोलावं लागत नाही.

मला माहीत आहे खाली काय कमेंट येणार. "लोक घाण करतात, म्हणून कुलूप लावावं लागतं." खरं आहे, करतात. रस्त्यावरही थुंकतात, म्हणून आपण रस्ता बंद करत नाही. "पाण्याचीच बोंब आहे, संडासाला कुठून आणणार?" हेही खरं आहे. पण बायकांच्या बाजूचं पाणी संपतं आणि पुरुषांच्या बाजूचं पुरतं, असं तर होत नाही ना? "हॉटेलवाल्याने फुकट का द्यायचं?" फुकट नको. मी त्या दिवशी पन्नास रुपये द्यायला तयार होते, शंभर मागितले असते तरी दिले असते.

आपली महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. माझा आजार आणि आपली महापालिका एकाच वयाचे आहेत. म्हणून हक्काने मागतेय:

१. पुण्याच्या गाड्या थांबतात ती जागा, सर्कल, पोलाद बाजार आणि स्टेशनला जाणाऱ्या रस्त्यांवर शौचालयं पहाटे पाच ते रात्री बारा उघडी हवीत. बायकांची बाजू पुरुषांच्या बाजूबरोबरच उघडली पाहिजे. चावी एका माणसाच्या पदराला बांधलेली नको.

२. प्रत्येक शौचालयाच्या दारावर वेळ, दर आणि तक्रारीचा नंबर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. बंद असेल तर जवळचं दुसरं कुठे आहे तेही लिहा.

३. दिल्लीसारखं हॉटेलं आणि मोठ्या दुकानांना पाच-दहा रुपये घेऊन शौचालय खुलं करायला सांगा. जे करतील त्यांच्या दारावर महापालिकेचं स्टिकर लावा. पेट्रोल पंपांवर शौचालय ठेवणं हे तेल कंपन्यांच्या नियमातच आहे. ते उघडं आणि वापरण्याजोगं आहे का, एवढं बघा.

४. नवीन शौचालय बांधून फीत कापण्याआधी जुन्यांचा सफाईचा आणि पाण्याचा खर्च बजेटमध्ये धरा. फीत एकदाच कापायची असते, झाडू रोज मारायचा असतो.

आणि दोन गोष्टी आपल्यासाठी. तुमच्या दुकानात कोणी घाईघाईने येऊन ‘बाथरूम आहे का’ विचारलं तर चेहरा बघा आणि दार दाखवा, कारण विचारू नका. आणि ऑफिसात कोणी दिवसातून चारदा उठून जात असेल तर ‘कुठे गायब होतोस रे’ म्हणून चारचौघांत हसू नका. तो माणूस त्या हसण्याच्या भीतीने उद्या जेवणार नाही.

माझा आजार जाणार नाही, तो सांभाळायचा असतो. वही, हिंग, इसबगोल, वेळेवर जेवण, हे माझं मी सांभाळते. कुलूप मला काढता येत नाही.

दादा, तू हे वाचत असशील. मला ताप नव्हता. साखरपुड्याचे फोटो बघून मी दिवसभर रडले. लग्नाला नक्की येणार आहे, आदल्या संध्याकाळच्या रेल्वेने.

ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी खाली लिहा. नाव द्यायचं नसेल तर मेसेज करा, मी नाव न लावता टाकेन. आणि कळंबोलीत कुठलं शौचालय किती वाजता बंद असतं ते जागा आणि वेळेसकट कळवा. यादी झाली की आपण सगळे मिळून प्रभाग कार्यालयात नेऊन देऊ. सोबत यायला कोण कोण तयार आहे तेही सांगा.

#कळंबोली #पनवेल #संडासाचंकुलूपकाढा